उन्हाळ्यात युटा-ॲरिझोनाचे लाल खडक: प्रवासाचा आणि फोटोंचा क्रम

मे संपत आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. आई-बाबा भारतातून आलेत, मुलांच्या शाळा सुटल्यात, लास व्हेगसला उतरून भाड्याच्या गाडीने झायन आणि ब्राइस ही उद्यानं, पेज गाव, मॉन्युमेंट व्हॅली आणि मोआब गाव करायचंय. मी सांगतो, ते हो म्हणतात, आणि जुलैत फोटो येतात. पांढरंफटक आकाश, मिचकावलेले डोळे, टोपीच्या सावलीत हरवलेले चेहरे, आणि भाजलेल्या विटेसारखा दिसायला हवा तो खडक फिकट मातकट. सोबत एक ओळ: "बाबांना जरा त्रास झाला, पण आता बरे आहेत."

कुठे चुकलं हे कळायला फोटोंवरची वेळ बघितली की पुरे. सकाळचे सव्वाअकरा, दुपारचे अडीच, पावणेचार. आपल्याला सहलीचा दिवस नाश्त्यापासून सुरू करायची सवय आहे आणि इथे तीच महागात पडते. म्हणून हा लेख स्थळांच्या यादीपासून नाही, घड्याळापासून सुरू होतो.

टप्पा १: आधी दिवस आखा, मग मार्ग

या भागात जून ते ऑगस्टमध्ये तीन गोष्टी दिवस ठरवतात: ऊन, उजेड आणि दुपारची वादळं. सुदैवाने तिघांचं म्हणणं एकच असतं. तिरपा, उबदार उजेड सूर्योदयानंतर दोनेक तास आणि सूर्यास्तापूर्वी तेवढाच वेळ मिळतो. ऊन सर्वांत कडक दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान. जुलै-ऑगस्टमधली वादळंही बहुतेक दुपारनंतरच उठतात. तेव्हा दिवस असा मांडा:

• पहाटे ५ ते ९: चालणं, चढणं, उघड्यावरचे फोटो.
• ९ ते ११: सावलीतली किंवा गाडीतून उतरून दहा मिनिटांत होणारी ठिकाणं.
• ११ ते ५: जेवण, प्रवास, वामकुक्षी. अपवाद फक्त अरुंद घळींचा, त्याबद्दल टप्पा ८ मध्ये.
• साडेपाचपासून अंधारापर्यंत: दुसरा फेरा.

वामकुक्षी गमतीने लिहिलेली नाही. जूनअखेर मोआबला सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो आणि सहाच्या आत पुन्हा उगवतो. दोन्ही वेळा गाठायच्या तर रात्रीची झोप पाच तासांवर येते. उरलेली दुपारीच भरून काढावी लागते, नाहीतर तिसऱ्या दिवशी गाडी चालवणाऱ्याचे डोळे मिटू लागतात. आणि इथले रस्ते सरळ, रिकामे, गुंगी आणणारे आहेत.

दुपारी झोपायचं तर दुपारी खोली हाताशी हवी. हॉटेलं तीन-चारच्या आधी खोली देत नाहीत आणि अकराला बाहेर काढतात. रोज नवं गाव धरलंत तर नेमक्या उन्हाच्या वेळी तुम्ही बेघर. म्हणून एका ठिकाणी किमान दोन रात्री. आठ दिवसांत चार मुक्काम: झायन, ब्राइस, पेज, मोआब. मॉन्युमेंट व्हॅली पेज आणि मोआबच्या वाटेवर येते. तिथे एक रात्र मिळाली तर उत्तम. ग्रँड कॅन्यन याच फेरीत कोंबू नका.

तपासा: सगळीकडे सारखं ऊन नसतं. जुलैत दुपारी व्हेगस ४० अंशांच्या पुढे, झायन आणि मोआब ३८ च्या आसपास, पेज त्याहून किंचित कमी. ब्राइसचा कडा मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटरवर आहे. तिथे दुपार २७ अंशांची आणि पहाट स्वेटरची. आई-बाबांच्या विश्रांतीचा जास्तीचा दिवस द्यायचा असेल तर ब्राइसला द्या.

टप्पा २: बुकिंगचा क्रम

बहुतेक जण आधी विमान, मग हॉटेलं, आणि शेवटच्या आठवड्यात पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीची तिकिटं बघतात. तोवर दुपारच्या सगळ्या फेऱ्या गेलेल्या असतात. उलटं करा.

१. सर्वांत आधी अँटिलोप. ही जागा नवाहो राष्ट्राच्या, म्हणजे नवाहो या मूलनिवासी जमातीच्या स्वायत्त प्रदेशाच्या हद्दीत आहे आणि परवानाधारक वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही. दोन भाग आहेत. वरचा भाग आतून सपाट आहे, उजेडाचे प्रसिद्ध झोत तिथेच पडतात, साधारण एप्रिल ते सप्टेंबर, भर दुपारी. खालच्या भागात उभ्या लोखंडी शिड्या आहेत. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर वरचाच घ्या; आणि घळीतून बाहेर पडल्यावर किती चालावं लागतं तेही बुक करतानाच विचारा. झोत हवे असतील तर ११ ते १ च्या दरम्यानची फेरी बघा.

२. त्या तारखेभोवती मुक्काम बसवा.

३. मग गाडी.

४. परवाने शेवटी, आणि ते खरंच हवेत का याचा विचार करून. झायनच्या एंजल्स लँडिंग या उंच कड्यावर जायला २०२२ पासून सोडतीतून परवाना घ्यावा लागतो. 'द वेव्ह' या लाटांसारख्या खडकाला दिवसाला ६४ जणांनाच सोडतात, तेही सोडतीनेच. तिथे आखलेली वाट नाही, सावली नाही, पाणी नाही, आणि जाऊन-येऊन दहा किलोमीटर. सोडत लागली तरी जुलैत जाऊ नका असंच मी सांगेन. तिथे उन्हाने माणसं दगावली आहेत.

पासाचा घोळ नेहमीचा. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास झायन, ब्राइस आणि मोआबजवळच्या आर्चेस, कॅन्यनलँड्सला चालतो. अँटिलोप आणि मॉन्युमेंट व्हॅलीला चालत नाही, कारण त्या नवाहो राष्ट्राच्या जागा आहेत. हॉर्सशू बेंड या नदीच्या नालाकृती वळणाचा वाहनतळ पेज शहराचा आहे, तिथेही चालत नाही. मोआबजवळचा डेड हॉर्स पॉइंट युटा राज्याचा, तिथेही नाही. शिवाय २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी आणि बाहेरून आलेले पाहुणे यांचे उद्यानांचे दर वेगळे झालेत. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर असतील तर त्यांचं शुल्क कसं लागेल हे त्या उद्यानाच्या पानावर आधीच वाचा. दारावर मागे गाड्यांची रांग लागलेली असताना हा हिशेब करू नये. आर्चेसच्या प्रवेशाच्या वेळेचे नियमही वर्षागणिक बदलतात; तेही त्याच बैठकीत बघून घ्या.

टप्पा ३: घड्याळ लावणं

याला वेगळा टप्पा कशाला, असं वाटेल. माझी चूक सांगतो. आम्ही पेजहून दुपारी चारला निघालो आणि दोन तासांत मॉन्युमेंट व्हॅलीला पोहोचलो. माझ्या हिशेबाने सहा. तिथे सात वाजले होते, आणि साडेसहाची जीपची फेरी धूळ उडवत गेलेली. पैसे परत मिळाले नाहीत, आणि मागायला तोंडही नव्हतं.

कारण असं: उन्हाळ्यात युटा घड्याळ एक तास पुढे करतो, ॲरिझोना करत नाही. पण नवाहो राष्ट्राचा ॲरिझोनातला भाग मात्र करतो. त्यामुळे:

• व्हेगस आणि पेज: उन्हाळ्यात एकच वेळ.
• झायन, ब्राइस, मोआब: एक तास पुढे.
• मॉन्युमेंट व्हॅली: एक तास पुढे.
• अँटिलोप: जागा नवाहोंची, पण फेऱ्या साधारणपणे पेजच्या वेळेनेच सुटतात. आरक्षणाच्या ईमेलमध्ये हे लिहिलेलं असतं, वाचा.

मोबाइलवर विसंबू नका. पेज युटाच्या सीमेला लागून आहे, फोन कुठल्या टॉवरची वेळ पकडेल याचा नेम नसतो. फोनमधला आपोआप वेळ बदलण्याचा पर्याय बंद करा, मनगटी घड्याळ दिवसाच्या मुक्कामाच्या वेळेला लावा, आणि कागदावर प्रत्येक आरक्षणापुढे 'पेजची वेळ' किंवा 'युटाची वेळ' असं लिहून ठेवा. पहिल्या दिवशी व्हेगसहून झायनला जाताना एक तास जातो तो मोजायलाही बरेच जण विसरतात.

टप्पा ४: गाडी, पाणी, डबा

गाडी ताब्यात घेताना डिकी उघडून जास्तीचं चाक आहे का पाहा. हल्ली पुष्कळ गाड्यांत नुसता पंक्चरचा किट असतो. कच्च्या रस्त्यावर नेण्याबद्दल करारात काय लिहिलंय ते वाचा. मॉन्युमेंट व्हॅलीचा २७ किलोमीटरचा आतला फेरा कच्चा आहे आणि बहुतेक भाडेकरारांत कच्च्या रस्त्याला मनाई असते. तिथे स्थानिक वाटाड्याची जीप घेतलेली बरी. टाकी अर्धी झाली की भरा. नकाशे ऑफलाइन उतरवून घ्या, कारण तासन् तास नेटवर्क नसतं. फोन डॅशबोर्डवर उन्हात लावलात तर तो तापून बंद पडेल. एसीच्या झोतासमोर लावा.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर. चौघांचे १६. दुकानातले एक-एक गॅलनचे कॅन घ्या, गाडीत कायम चार भरलेले राहू द्या, आणि चालताना प्रत्येकाकडे स्वतःची बाटली. एकाच पाठपिशवीत सगळ्यांचं पाणी भरणं ही ठरलेली चूक. ती पिशवी घेतलेला माणूस नेमका फोटो काढत मागे राहतो.

नुसतं पाणी पिऊनही बिघडतं. इथली हवा इतकी कोरडी की घाम येताक्षणी उडतो, अंग कोरडंच वाटतं, शर्टावर फक्त मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसतात. मीठ जातंय आणि वर पाणीच पीत राहिलो तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं: डोकं ठणकतं, मळमळतं, आणि माणूस आणखी पाणी पितो. म्हणून पाण्याबरोबर खाणं. खारे शेंगदाणे, चिवडा, भडंग, लिंबाचं लोणचं लावलेल्या दशम्या. सरबतात मीठ हात आखडता न घेता घाला. आई-बाबा येताना इलेक्ट्रालची पाकिटं आणतातच, ती सुटकेसमध्ये न ठेवता खिशात ठेवा. ताक मात्र गाडीत टिकत नाही, त्याच्या फंदात पडू नका.

कुणी रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना या सहलीबद्दल सांगून घ्या.

इशारा: "आम्ही नागपूरचे, पंचेचाळीस अंश पाहिलेत." पाहिलेत खरे, पण खिडकीला वाळ्याचे पडदे लावून, दुपारी दार बंद करून. नागपुरात मेमध्ये दीड वाजता कुणी पाच किलोमीटर टेकडी चढत नाही. इथे तेच केलं जातं.

टप्पा ५: कॅमेऱ्याची तयारी

सामान कमी न्या. पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्याला १६-३५ मिमीची रुंद लेन्स आणि एक ७०-२०० ची लांब, एवढ्यावर सगळं होतं. दोन्ही एकाच कॅमेऱ्यावर बदलत बसण्यापेक्षा सकाळी ठरवून एकच लावून निघा. वाळू अतिशय बारीक असते आणि लेन्स बदलताना सेन्सरवर जाऊन बसते.

सोबत हवा मारायचा रबरी फुगा घ्या. लेन्सवर वाळूचे कण असताना कापडाने पुसलंत तर काचेवर कायमचे ओरखडे. आधी फुगा, मग मऊ ब्रश, सगळ्यात शेवटी कापड.

रॉ फॉरमॅट (कॅमेऱ्याने न बदललेली मूळ नोंद) चालू करा आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची सेटिंग, 'ऑटो'वरून काढा. सगळ्या तक्रारींत ही एक सेटिंग सर्वांत जास्त वेळा सापडते. चौकटभर नारिंगी खडक दिसला की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच नारिंगी आहे, आणि तो निळा मिसळून रंग मारून टाकतो. 'डेलाइट' किंवा 'क्लाउडी' ठेवा.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, जपून. रुंद लेन्सवर तो लावला की निळं आकाश एका बाजूला गडद आणि दुसरीकडे फिकट पडतं. ओल्या खडकावरची चकाकी काढायला मात्र तो उत्तम, म्हणजे झायनच्या नदीत.

कॅमेरा बंद गाडीत ठेवू नका. उन्हातल्या गाडीत आत ६०-६५ अंशांपर्यंत तापमान जातं. बॅटऱ्या खराब होतात. उलट मुंबई-कोकणातली एक काळजी इथे सोडून द्या. एसीतून बाहेर काढल्यावर लेन्सवर वाफ धरत नाही, कारण हवेत तेवढी ओलच नसते.

ड्रोन घरी ठेवा. राष्ट्रीय उद्यानांत आणि नवाहोंच्या उद्यानांत त्याला बंदी आहे.

आणि कपडे. लाल खडकासमोर लाल, केशरी, तपकिरी कपड्यातला माणूस गायब होतो. पांढरा, निळा, मोरपिशी उठून दिसतो. आमच्या आईच्या मोरपिशी ओढणीने त्या सहलीतले निम्मे फोटो वाचवलेत.

टप्पा ६: रोज सकाळी पुराची तपासणी

हा टप्पा गाळायचा नाही, आकाश निळंशार असलं तरी. तेव्हा तर मुळीच नाही.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना सांधण दरी माहीत असते. पावसाळ्यात तिथे उतरायचं नाही हे कुणाला सांगावं लागत नाही, कारण पाऊस डोक्यावर दिसत असतो. इथला फरक जीवघेणा आहे: पाऊस दुसरीकडे पडतो. उघड्या खडकात पाणी मुरत नाही. पंधरा-वीस किलोमीटरवर कोसळलेली सर तासाभरात घळीत येते, आणि घळ दोन हात रुंद असल्याने पाणी रुंदीऐवजी उंचीत वाढतं. १२ ऑगस्ट १९९७ रोजी खालच्या अँटिलोपमध्ये असंच झालं. घळीवर फारसा पाऊस नव्हता. ११ पर्यटक वाहून गेले. सप्टेंबर २०१५ मध्ये झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जण गेले.

क्रम असा:

१. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या संकेतस्थळावर युटाच्या उद्यानांसाठी रोज अचानक पुराची शक्यता देतात. चार पायऱ्या असतात: अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य, अपेक्षित. फक्त 'अपेक्षित नाही' असेल तरच अरुंद जागेत. 'शक्य' याचा अर्थ आपल्या भाषेत "बघू, जाऊन तर येऊ" असा होतो. तसा तो घेऊ नका.

२. तुमच्या गावाचं हवामान पुरेसं नाही, नदीच्या वरच्या अंगाचं बघा.

३. उद्यानाच्या माहिती केंद्रात रेंजरला विचारा, "आज नॅरोजमध्ये जाऊ का?" (नॅरोज म्हणजे झायनची नदीतून चालत जायची अरुंद घळ.) ते सरळ उत्तर देतात. पाण्याच्या विषारी शेवाळाचा इशारा आहे का तेही तिथेच कळतं.

४. वाटाड्याशिवाय गेलात तर दुपारी बाराच्या आत बाहेर.

आत असताना पाणी अचानक गढूळलं, काटक्या-पानं वाहत आली, वरच्या अंगाला गाडी आल्यासारखा घरघराट ऐकू आला, तर कॅमेरा आवरायला थांबू नका. बाहेरच्या दिशेने पळायचंही नाही, पाण्याशी शर्यत जिंकता येत नाही. जवळची उंच जागा गाठा. चार-पाच फूटही कामी येतात.

गाडीतही तेच. रस्त्याच्या खोलगट भागातून पाणी वाहत असेल तर थांबा. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी उचलतं. तासा-दोन तासांत बहुधा ओसरतं. तोवर चिवडा आहे.

टप्पा ७: पहाटेचा फेरा

कुठे पहाटे जायचं आणि कुठे संध्याकाळी, हे खडकाचं तोंड कुठे आहे त्यावर ठरतं. निम्मे लोक हे उलट करतात.

ब्राइस पहाटे. तिथला सुळक्यांचा मोठा खळगा पूर्वेकडे उघडतो. सूर्योदयापूर्वी अर्धा तास इन्स्पिरेशन किंवा ब्राइस पॉइंटवर उभे राहा. सूर्य वर आला की तो पाठीशी घ्यायचा मोह आवरा. कॅमेरा उजेडाकडेच रोखा. सुळके पातळ आहेत, एकमेकांवर पडलेला उजेड त्यांच्या सावलीच्या बाजूलाही आतून पेटल्यासारखा दिसतो. मग साडेसहा-सातला खाली उतरा: सनराइज पॉइंटवरून क्वीन्स गार्डनच्या वाटेने खाली, नवाहो लूपने वर, सगळं मिळून पाचेक किलोमीटर.

कॅन्यनलँड्सची मेसा आर्च पहाटे. सूर्य उगवल्यावर खालच्या कड्यावरून परतलेला उजेड कमानीच्या पोटाला लाल करतो. गर्दी सूर्य दिसेपर्यंत धक्काबुक्की करते आणि दहा मिनिटांत निघून जाते. लाली मात्र नंतरही बराच वेळ टिकते. मी आता मुद्दाम उशिरा जातो.

झायनची नॅरोज सकाळी. उन्हाळ्यात आतल्या रस्त्यावर खाजगी गाडी नेता येत नाही, पार्कची फुकट बस घ्यायची. पहाटेची पहिली किंवा दुसरी बस पकडा. शेवटच्या थांब्यापासून दीडेक किलोमीटर फरसबंद वाट, पुढे सरळ नदीत. चपला किंवा सँडल घालून उतरू नका. गोटे शेवाळलेले असतात. बंद बूट आणि एक काठी हवी.

हॉर्सशू बेंडला पहाटे जाऊन उपयोग नाही, नदी सावलीत असते. नऊ-साडेनऊला सावली निघते, सूर्य पाठीशी असतो, आणि ऊन अजून सोसण्यासारखं असतं. कडा हजार फूट सरळ आहे आणि कठडा थोड्याच भागाला. पूर्ण वळण एका चौकटीत बसवायला रुंद लेन्स लागते, पुढे झुकावं लागत नाही. लेन्स नसेल तर मोबाइलचा रुंद कॅमेरा वापरा.

इशारा: गडावर दमलं की उतरायचं असतं. कॅन्यनमध्ये दमलं की चढायचं असतं. ट्रेकिंगची सवय असलेलेच इथे फसतात, कारण पायांना जो अंदाज असतो तो उलटा पडतो. पाणी एक तृतीयांश संपलं की मागे फिरा. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला गेलातच तर उन्हात खाली उतरू नका. तळाला कड्यापेक्षा दहा-पंधरा अंश जास्त तापमान असतं.

तपासा, दर अर्ध्या तासाला: बरोबरचा माणूस नीट बोलतोय का? चिडचिड, अडखळणं, असंबद्ध बोलणं ही उष्माघाताची खूण आहे, "त्यांचा स्वभावच तसा" म्हणून सोडू नका. सावलीत आणा, कपडे भिजवा, वारा घाला, ९११ लावा. नेटवर्क नसेल तर नव्या आयफोनमध्ये उपग्रहावरून मदत मागता येते. ती कशी वापरायची हे घरीच शिकून घ्या. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

वाटेवरूनच चाला. काळपट, खरबरीत, भाजक्या पोळीसारखी दिसणारी मातीची खपली जिवंत असते. एका पावलाने मोडलेली ती सावरायला दशकं लागतात.

टप्पा ८: भर दुपारी घळीत

इथे दुपार उपयोगी पडते. अरुंद घळीत थेट ऊन तळाशी पोहोचत नाही. ते वरच्या भिंतीवर आपटतं, समोरच्या भिंतीवर पडतं, पुन्हा परततं, आणि दर वेळी अधिक तांबडं होतं.

अँटिलोपमध्ये ट्रायपॉड, सेल्फी स्टिक आणि कुठलीही पिशवी नेता येत नाही. एक कॅमेरा गळ्यात, पाण्याची बाटली हातात. गट पुढे सरकत राहतो, एका वळणावर पंधरा-वीस सेकंद मिळतात. म्हणून आत शिरण्याआधीच सेटिंग लावून घ्या:

• छिद्र (ॲपर्चर) एफ ५.६, शटर १/६० सेकंदापेक्षा हळू नाही, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, कमाल ३२००. थोडे दाणे आलेले चालतात, हललेला फोटो चालत नाही.
• एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) एक पायरी कमी. उजळ भाग जळला की परत येत नाही, सावली नंतर उघडता येते.
• आकाशाचा तुकडा चौकटीत घेऊ नका. तेवढाच पांढरा डाग सगळा रंग खातो. कॅमेरा वर रोखलात तरी भिंती जिथे मिटतात तिथेच थांबा.
• थेट ऊन पडलेली भिंत सोडा, तिच्या समोरची बघा. सगळे उजेडाकडे धावतात. रंग त्याच्या समोर असतो.

झोताच्या फोटोसाठी कधी कधी वाटाड्या मूठभर वाळू उडवतो. तो उडवण्याआधी तयार राहा, आणि वाळू खाली बसेपर्यंत लेन्सवर हात धरा.

मोबाइलवर: लेन्स पुसा, उजळ भागावर बोट दाबून धरा, फोकस-उजेड लॉक झाला की तो खाली ओढा. नाइट मोड आपोआप चालू झाला तर बंद करा, हलत्या गटात तो फोटो पुसट करतो.

वाटाड्यांना घाई करताना बघून काही जण वैतागतात, वाद घालतात. मागे पुढचा गट असतो आणि त्यांच्याकडे हवामानाची बातमी तुमच्यापेक्षा ताजी असते. ते चला म्हणाले की चलायचं.

टप्पा ९: संध्याकाळचा फेरा

मॉन्युमेंट व्हॅली संध्याकाळी. माहिती केंद्राच्या गच्चीवरून तिन्ही मोठे सुळके पूर्वेला दिसतात, म्हणजे मावळतीचं ऊन थेट त्यांच्या अंगावर. पहाटे त्याच जागेवरून फक्त काळ्या आकृत्या मिळतात. त्याही छान, पण तेच हवं असेल तर. उद्यानाच्या प्रवेशाची वेळ सूर्यास्तापर्यंत नसते, आधी बंद होते. तपासून जा, नवाहो वेळेने. लांब लेन्स इथे काढा आणि पायथ्याच्या रस्त्यावरची एखादी गाडी चौकटीत ठेवा. आकार तेव्हाच कळतो. तिथल्या माणसांचे, घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. नवाहो राष्ट्रात दारूला बंदी आहे. गाडीत बिअरचा खोका असेल तर आधीच विचार करा.

आर्चेसची डेलिकेट आर्चही संध्याकाळी. जाऊन-येऊन पाचेक किलोमीटर, उघड्या खडकावरून चढ, सावली अजिबात नाही. सूर्यास्तापूर्वी दीड तास निघा. त्याआधी निघालात तर खडकाची धग पायांतून चढते. उतरताना अंधार होतो, म्हणून डोक्याला लावायची बॅटरी प्रत्येकाकडे हवी. मोबाइलची बॅटरी तोवर फोटोंनी संपवलेली असते. वादळ घोंघावत असेल तर जाऊच नका, त्या खडकावर तुम्हीच सर्वांत उंच वस्तू असता.

सूर्य बुडाला की लगेच निघू नका. नंतरची वीसेक मिनिटं आकाश गुलाबी-जांभळं होतं आणि खडकावर सावलीविरहित, मऊ उजेड येतो. माणसांचे फोटो काढायची खरी वेळ ती. दिवसभरात पहिल्यांदाच कुणी डोळे मिचकावत नसतं.

अमावास्या जवळ असेल तर ब्राइसला आकाशगंगा दक्षिणेकडे उघड्या डोळ्यांनी दिसते. एफ २.८, १५ ते २० सेकंद, आयएसओ ३२००, आणि इथे ट्रायपॉड हवाच. टॉर्चने खडक उजळवू नका, काही उद्यानांत त्याला मनाई आहे आणि शेजारच्याचा फोटो जातो तो वेगळाच.

टप्पा १०: रात्री खोलीवर

आधी बाटल्या आणि कॅन भरा, मग आंघोळ. सकाळी साडेचारला नळाखाली कॅन धरून उभं राहायला कुणी उठत नाही.

कॅमेरा बाहेरून फुग्याने झटका, झूमची आणि फोकसची कडी फिरवून खरखर ऐकू येते का बघा. येत असेल तर जोर लावू नका, ती लेन्स त्या सहलीपुरती बाजूला ठेवा. कार्डातले फोटो दुसरीकडे उतरवा आणि ती प्रत वेगळ्या पिशवीत. बॅटऱ्या चार्जिंगला. पुराचा उद्याचा अंदाज एकदा बघून ठेवा, सकाळी पुन्हा बघायचाच आहे.

बूट दाराबाहेर ठेवलेत तर सकाळी घालण्यापूर्वी उलटे करून झटका. विंचू क्वचितच निघतो, पण मूठभर वाळू हमखास निघते.